खुर्ची भाषणाने मिळत नाही

जगात कुठे मुसलमानांवर अन्याय झाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, गल्लीपासून दिल्लीपर्यंत निघणारी निषेधाची पत्रके. दोन, इस्लामी सहकार्य संघटनेच्या ५७ देशांची तातडीची बैठक आणि तिच्यातून निघणारे आणखी एक निषेधाचे पत्रक. पुढच्या अन्यायापर्यंत मग सगळे शांत. चहाच्या टपरीवर आपण एकमेकांना विचारतो, एवढे देश, एवढी लोकसंख्या, एवढे तेल, तरी आमचे कुणी ऐकत का नाही?

या प्रश्नाची आपल्याला आवडणारी उत्तरे ठरलेली आहेत. पाश्चात्त्यांचे कारस्थान, आपल्या राज्यकर्त्यांचा लाचारपणा, उम्मतमधील फूट. यातले काहीही खोटे नाही. पण ही उत्तरे देताना एक गोष्ट आपण सोयीने वगळतो. आंतरराष्ट्रीय निर्णय ज्या टेबलांभोवती होतात, त्यातल्या बऱ्याच टेबलांपाशी बसण्याचा हक्क ज्ञानाच्या जोरावर मिळतो. आपल्या हातात ती किंमत चुकवण्याइतके चलनच नाही. याचे एक उदाहरण थेट गोव्याच्या किनाऱ्यावरचे आहे आणि त्याचा नायक एक मुसलमान शास्त्रज्ञ आहे. तरीही आपल्या जलशांत त्याचे नाव ऐकू येत नाही.

१ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. शीतयुद्ध ऐन भरात होते, तरी अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही त्यात होते. त्या बर्फाळ खंडावर लष्करी तळ नको, अणुचाचण्या नकोत, मालकीचे दावे आहेत तिथेच गोठवावेत, संशोधन मात्र सर्वांना खुले असावे, असे ठरले. ही तडजोड शक्य झाली ती १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात या देशांचे शास्त्रज्ञ तिथे एकत्र राबले होते म्हणून. पण करारात एक मेख होती. नंतर येणाऱ्या देशाला करारावर सही करता येईल, मात्र निर्णयात मत हवे असेल तर तिथे भरीव वैज्ञानिक संशोधन करून दाखवावे लागेल. संशोधन केंद्र उभारा किंवा वैज्ञानिक मोहीम पाठवा, मग मत द्या.

भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न १९५६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेण्याचा प्रयत्न केला होता. एवढा मोठा खंड मूठभर देशांनी आपसात वाटून घेऊ नये, ही भूमिका न्याय्य होती. तिच्यातून हाती काही लागले नाही. पुढे पंचवीस वर्षांनी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज एकवीस भारतीयांना घेऊन दक्षिणेकडे निघाले. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादला जन्मलेले, अलिगढला प्राणिशास्त्र शिकलेले, वेल्समध्ये डॉक्टरेट केलेले आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले सागरशास्त्रज्ञ. ९ जानेवारी १९८२ रोजी ही तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारताने करार स्वीकारला आणि सप्टेंबरमध्ये त्याला मताधिकार असलेल्या सदस्याचा दर्जा मिळाला. पंचवीस वर्षांत युक्तिवादाने जे साधले नव्हते, ते जहाज पोचल्यावर दोन वर्षांच्या आत साधले. कासिम साहेब नंतर जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. मे २०२४ मध्ये या करारातील देशांची वार्षिक सभा कोचीला भरली तेव्हा भारत यजमान होता. त्या यजमानपदाचा पाया १९८१ च्या त्या जहाजावर घातला गेला होता.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या काळात भारत मोहीम पाठवत होता, त्याच काळात मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी हाच प्रश्न संयुक्त राष्ट्रांत लावून धरला. हा श्रीमंतांचा क्लब आहे, हा खंड साऱ्या मानवजातीचा वारसा आहे, असे ते म्हणत होते. युक्तिवाद बिनतोड होता. आमसभेच्या विषयपत्रिकेवर तो दोन दशके राहिला. क्लब जसाच्या तसा राहिला. अखेर मलेशियानेही संशोधनाची वाट धरली आणि २०११ मध्ये त्याच करारावर सही केली. मत मात्र अजून मिळालेले नाही. तुर्कीची सही आहे, पाकिस्तानची आहे, कझाकस्तानची आहे. मताधिकार असलेल्या २९ देशांच्या यादीत मात्र एकही मुस्लिमबहुल देश नाही. त्या यादीत पेरू आहे, उरुग्वे आहे, बल्गेरिया आहे. हे काही महासत्ता नाहीत आणि त्यांच्याकडे आखातासारखा पैसाही नाही. तेव्हा यासाठी कोणत्या कारस्थानाला दोष द्यायचा?

वैज्ञानिक मुत्सद्देगिरी हा शब्द परिसंवादांत फार गुळगुळीत करून ठेवला आहे. हस्तांदोलनाचे फोटो आणि सामंजस्य करारांच्या फायली म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे. तिचे खरे काम बघायचे असेल तर २०१५ चा इराण अणुकरार बघा. वाटाघाटी अडल्या त्या तांत्रिक मुद्द्यांवर. सेंट्रिफ्यूज किती, युरेनियम किती टक्क्यांपर्यंत समृद्ध करायचे, अराकच्या अणुभट्टीची रचना कशी बदलायची. ही कोंडी फोडायला अमेरिकेने आपले ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनीझ यांना आणले आणि इराणने अली अकबर सालेही यांना. मोनीझ हे एमआयटीचे भौतिकशास्त्रज्ञ. सालेही यांनी अणुअभियांत्रिकीतली डॉक्टरेट सत्तरच्या दशकात त्याच एमआयटीतून घेतलेली. अनेक दशके एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन देशांची ही माणसे समीकरणांच्या भाषेत बोलू शकली, कारण ती भाषा दोघांनाही येत होती आणि दोघांचेही नाते एमआयटीशी होते. सालेही यांना नातवंड झाले तेव्हा मोनीझ यांनी बाळासाठी एमआयटीची छाप असलेल्या भेटी आणल्या होत्या. उच्च शिक्षण मुत्सद्देगिरीत काय करते, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. विद्यापीठाने दिलेली भाषा दोन राजवटी बदलल्या तरी टिकते आणि गरज पडते तेव्हा कामाला येते.

इथे कुणीतरी हात वर करील आणि म्हणेल, मग काय उपयोग झाला? २०१८ मध्ये ट्रम्प यांनी तोच करार फाडून टाकला. जून २०२५ मध्ये इस्रायलच्या हल्ल्यांत इराणचे अणुशास्त्रज्ञ एकामागून एक मारले गेले. त्यात इस्लामिक आझाद विद्यापीठाचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ मोहम्मद मेहदी तेहरांची होते. जॉर्डनमधल्या सेसमीचेही बघा. अम्मानजवळच्या अल्लान इथे युनेस्कोच्या छत्राखाली, सर्नच्या धर्तीवर उभी राहिलेली ही कण-त्वरक प्रयोगशाळा २०१७ मध्ये सुरू झाली. इराण, इस्रायल, पॅलेस्टाईन, पाकिस्तान, तुर्की, इजिप्त, जॉर्डन, सायप्रस अशा सदस्यांची ही एकच जागा, जिथे एकमेकांना मान्यताही न देणारे देश एका यंत्राचा खर्च वाटून घेतात. पण तिच्या कामाशी जोडलेले दोन इराणी शास्त्रज्ञ, मसूद अलीमोहम्मदी आणि माजिद शहरियारी, २०१० मध्ये तेहरानमध्ये ठार झाले. निर्बंधांमुळे इराणला आपली वर्गणी भरणेही मुश्कील झाले. मग या विज्ञानाच्या पुलाला काय अर्थ?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवे. विज्ञान युद्ध थांबवते असा दावा कुणी करत असेल तर तो खोटा आहे. विज्ञानाने बळकटाची नियत बदलत नाही. पण मला सांगा, शास्त्रज्ञ निरुपयोगी असते तर त्यांना मारायला कुणी एवढी यंत्रणा का राबवली असती? गझामध्ये इस्लामिक युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष सुफियान तायेह डिसेंबर २०२३ मध्ये कुटुंबासह मारले गेले. तेही भौतिकशास्त्रज्ञ होते. जानेवारी २०२४ मध्ये अल-इसरा विद्यापीठाची इमारत सुरुंग लावून उडवली गेली. एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जाहीरपणे विचारले की, हा पॅलेस्टिनी शिक्षणव्यवस्था समूळ नष्ट करण्याचा प्रयत्न तर नाही ना? विद्यापीठ पाडले की एका पिढीचे डॉक्टर, अभियंते, वकील, वाटाघाटी करणारे सगळे एकदम जातात. उद्या पुनर्वसनाच्या टेबलावर पॅलेस्टिनींच्या वतीने पाण्याचा, विजेचा, जमिनीचा हिशेब कोण मांडणार? मग तो हिशेबही परकेच मांडतील. ज्ञानाची ताकद काय असते हे शत्रूला नीट कळले आहे. प्रश्न आपल्याला कळले आहे का, हा आहे.

आपल्याला कळले असते तर अब्दुस सलाम यांच्याशी जे झाले ते झाले नसते. १९६४ मध्ये त्यांनी इटलीतल्या त्रिएस्ते शहरात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केले. कल्पना साधी होती. गरीब देशातल्या शास्त्रज्ञाने देश कायमचा सोडू नये. त्याने दरवर्षी काही आठवडे इथे यावे, जगाच्या बरोबरीने काम करावे आणि परत आपल्या विद्यार्थ्यांकडे जावे. भारतीय, पाकिस्तानी, इराणी, आफ्रिकी अशा कितीतरी संशोधकांना या केंद्राने आधार दिला. १९७९ मध्ये सलाम यांना नोबेल मिळाले. त्यानंतर ते भारतात आले, तेव्हा लाहोरला आपल्याला गणित शिकवणारे अनिलेंद्र गांगुली यांचा पत्ता शोधत कलकत्त्याला त्यांच्या घरी गेले. दोन देशांच्या परराष्ट्र मंत्रालयांना जे जमत नाही, ते एका विद्यार्थ्याने केले. पण त्यांच्याच देशाने १९७४ मध्ये त्यांच्या जमातीला घटनादुरुस्तीने इस्लामबाहेर ठरवले. मृत्यूनंतर त्यांच्या कबरीच्या दगडावरचा ‘मुस्लिम’ हा शब्दही खोडला गेला. अहमदिया पंथाविषयीचा अकीद्याचा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा, तो माझा विषय नाही. माझा सवाल एवढाच आहे की, पाकिस्तानला जगाच्या विज्ञानाशी जोडणारा सर्वात भक्कम दुवा स्वतःच्या हाताने तोडून पाकिस्तानने काय मिळवले? केंद्र इटलीत राहिले. नाव इटलीचे झाले.

हाच आत्मघात आज अफगाणिस्तानात चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. आणि इथे भारताने तरी काय केले? ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्द झाले. त्यात भारतीय विद्यापीठांत शिकणारी, सुट्टीसाठी घरी गेलेली मुलेमुलीही अडकली. पुण्यात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षांपासून येत आहेत. शिक्षणाच्या वाटेने मैत्री जोडण्यासाठी मौलाना आझादांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था तीच. पुण्यात शिकलेली अफगाण मुलगी उद्या काबूलमध्ये भारताची सर्वात विश्वासू वकील ठरली असती. तिला विमानतळाबाहेर ठेवून आपण कोणती मुत्सद्देगिरी केली?

याच मौलाना आझादांच्या नावाची फेलोशिप अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांना एम.फिल., पीएच.डी.साठी मिळत असे. केंद्र सरकारने ती २०२२-२३ पासून बंद केली. परदेशातल्या शिक्षणासाठीच्या कर्जावर व्याज सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजनाही त्याच वर्षी बंद झाली. इतर योजनांशी आच्छादन होते, हे सरकारचे कारण. ते पटण्याजोगे नाही, कारण गळती समोर दिसत आहे. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के आहेत आणि २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा वाटा ४.६ टक्के. जगाला विज्ञानाचे धडे देण्याच्या गोष्टी करणाऱ्या देशाने आपल्याच सातव्या हिश्श्याच्या मुलांना प्रयोगशाळेबाहेर ठेवणे, हे मुस्लिमांचे नुकसान तर आहेच, पण देशाचेही आहे. कासिम साहेब त्या जहाजावर होते ते आधी अलिगढला आणि मग वेल्सला शिकू शकले म्हणून. आज त्या वाटेवरचा दिवा विझवला तर उद्या जहाजावर कोण चढेल? ही मागणी आपण आमदार-खासदारांसमोर लावून धरलीच पाहिजे, आणि ती भीक म्हणून मागायची नाही.

पण सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणीकडे वळतात तेही बघू. मुलाने मूलभूत विज्ञानात एम.एस्सी. करतो म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, त्याचा फायदा काय? मुलीने पीएच.डी. म्हटले की प्रश्न येतो, मग निकाहचे वय निघून जाईल त्याचे काय? मंडपावर, जेवणावळीवर, जलशाच्या लाउडस्पीकरवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात एका संशोधकाचे वर्ष निघते. आपल्या शिक्षणसंस्था नोकरीला लावणारे अभ्यासक्रम उघडतात, ते योग्यच आहे. पण त्यांच्यातल्या किती संस्थांचे विश्वस्त आपल्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी पाच वर्षे पोसायला तयार आहेत? ‘इक्रा’ हा शब्द आपण सुंदर अक्षरांत लिहून दिवाणखान्यात टांगतो. त्या भिंतीखाली पुस्तकाचे कपाट असते का?

आणि कृपा करून बगदादच्या बैतुल हिकमाची गोष्ट झोपेची गोळी म्हणून वापरू नका. ती गोष्ट नीट वाचा. आठव्या शतकात सिंधहून एक शिष्टमंडळ खलिफा मन्सूरच्या दरबारी गेले, त्यात भारतीय ज्योतिषशास्त्राचा जाणकार होता. खलिफाने त्याच्याजवळचा संस्कृत ग्रंथ अरबीत आणवला. पुढे खलिफा मामूनने बायझंटाईन राज्यातून ग्रीक हस्तलिखिते मागवली. ज्यांच्याशी युद्ध चालू होते त्यांच्याकडून पुस्तके घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या पूर्वजांनी सगळे शोधले, असे ते कधी म्हणत बसले नाहीत. त्यांनी शिकून घेतले, तपासले, दुरुस्त केले आणि पुढे दिले. त्यांचा वारसा सांगायचा तर हे करावे लागेल.

आता दारातली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०१६ मध्ये भारत आणि अमेरिकेत तिचा करार झाला, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या वेधशाळांच्या जोडीने ती काम करील. जगभरचे शास्त्रज्ञ मराठवाड्यात येतील. तिकडे जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय मीटरतरंग दुर्बीण कितीतरी वर्षांपासून परदेशी संशोधकांना वेळ देते आहे. वैज्ञानिक मुत्सद्देगिरी परदेशातल्या कुठल्या राजवाड्यात चालते असे समजू नका. ती एस.टी.च्या अंतरावर आली आहे. हिंगोली, परभणी, नांदेडच्या मोहल्ल्यांतली मुले तिथे कोणत्या दाराने आत जाणार? ठेकेदाराचा मजूर म्हणून, परदेशी पाहुण्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणून, की लेझर आणि निर्वात नळ्यांचा जाणकार म्हणून? मजुरी आणि ड्रायव्हिंग हलाल रोजी आहे, तिचा मान आहेच. पण निर्णयाच्या खोलीत आपले कुणीच नसेल, तर पुढची तीस वर्षे आपण बाहेर उभे राहून भेदभावाची तक्रार करत राहू.

तरुणांनो, म्हणून तीन ठोस गोष्टी. पहिली, अकरावीत विज्ञान घेणाऱ्या मुलामुलींसाठी प्रत्येक शहरात मशिदीच्या किंवा जमातीच्या निधीतून एक कायमची संशोधन शिष्यवृत्ती उभी करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दरवर्षी असावी, आणि मुलीला नाकारू नये. दुसरी, परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती वाटण्याचे काम संघटनेने अंगावर घ्यावे. त्रिएस्तेच्या केंद्रात विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना एक वर्षाचा डिप्लोमा खर्चासकट मिळतो, हे आपल्या किती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे? जर्मनीचे डाड, ब्रिटनचे चेव्हनिंग, युरोपचे इरास्मस मुंडुस, यांचे अर्ज भरून घेणारी मदत-केंद्रे रेशनकार्डाच्या शिबिरांसारखी का लागू नयेत? तिसरी, विज्ञानाला कायदा आणि भाषेची जोड द्या. पाणीवाटप, हवामान, औषधांचे पेटंट, समुद्राच्या हद्दी या विषयांवर पुढची भांडणे आणि पुढचे करार होणार आहेत. ज्याला प्रयोगशाळाही कळते आणि कराराचे कलमही वाचता येते, अशा माणसाची जगाला टंचाई आहे.

निषेध करायचाच. गप्प बसणे हा ईमानाचा दुबळेपणा आहे. पण निषेधाचे पत्रक वाचणारा आणि ठरावाचा मसुदा लिहिणारा यांत फरक असतो. मसुदा लिहिणाऱ्याच्या बाजूला जायचे तर वीस वर्षांची तयारी लागते. ती आज सुरू केली तर आत्ता दहावीला असलेली मुलगी पस्तिशीत त्या खोलीत बसलेली असेल. आणि तिला तिथे बसू दिल्याबद्दल कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत.